आधी कोणतं बोट?

१९५६ साली कुंभकोणमच्या एका कॉलेजात पंकजा प्रयोगशाळेत मदतनीस होती. मेलकावेरीच्या तळ्यातले बेडूकमासे तिनं तीन पावसाळे बरण्यांत वाढवले, मागच्या पायाला कोणतं बोट आधी फुटतं ते रोज भिंगाखाली पाहिलं आणि शोधनिबंधही स्वतःच लिहिला. छापून आला तेव्हा त्यावर एकट्या प्रोफेसर शेषाद्रींचं नाव होतं. “पुढच्या वेळी तुझंही घालू,” ते म्हणाले. त्या निबंधाबद्दल कॉलेजानं शेषाद्रींचा सत्कार ठेवला, त्या दिवशी मद्रासच्या पाहुण्यांनी सहज विचारलं, “मग आधी कोणतं बोट येतं?” शेषाद्री गडबडले. “अंगठा,” ते म्हणाले. पंकजानं गप्प राहायचं ठरवलं होतं, पण चुकीचं उत्तर तिला सोसवेना. मागच्या रांगेतून ती उठली. “नाही सर, चौथं. अंगठा सगळ्यांत शेवटी.” पाहुणे खूश झाले. “शेषाद्री, पोरीला छान तयार केलंत हो!” प्रोफेसरांनी हसून हात जोडले. सगळ्यांबरोबर पंकजालाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.