गारपिटीचं साल

“ही तुझ्या जन्मसालची,” देल्फिनाकाकूने वाइनची बाटली अ‍ॅप्रनला पुसून नेरियोच्या हातात दिली. “साठी झाली तुझी. घेऊन जा.”

“आमच्याकडे त्या साली गारा पडल्या होत्या, काकू. मळाभर एक घड उरला नव्हता.”

“कुणी सांगितलं तुला? अरे, ही तुमच्याच उतारावरची आहे. मी तेव्हा या घरात आलेही नव्हते, पण इतालो सांगायचा. तुझ्या बापाने सगळी तोडणी गाडीत भरून त्याच्या दारात आणून ओतली. टोपलीभरसुद्धा घरी नेली नाही.”

इतालो म्हणजे तिचा नवरा, त्यांचा टेकडीवरचा शेजारी. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

नेरियो टेकडी उतरला. त्यांच्या गावात मूल जन्मलं की बाप त्या सालच्या बाटल्या त्याच्या नावाने तळघरात ठेवतो. त्या नेब्बिओलो द्राक्षाच्याच. दोल्चेत्तोची वाइन वर्षभरात जेवणावर संपते, बार्बेरा पाहुणे संपवतात. नेब्बिओलो माणसाएवढी जगते. थोरल्या भावाचा, आल्दोचा कोनाडा भरलेला होता. शेजारचा नेरियोचा रिकामा. गारांचं असंच असतं. एका टेकडीला झोडपतात, दुसरीला सोडतात. त्याने कधी शंका घेतली नव्हती. आल्दो मात्र अजून त्याला ‘गारपिट्या’ म्हणे. नाताळला तूरिनहून आला की आपली एक बाटली काढी आणि त्याच्यासमोर पीत बसे. दोन्ही कोनाडे पुसायचा तो नेरियोच.

मळा त्याने सांभाळला. बापालाही.

एक्याण्णव वर्षांचा ओरेस्ते टेबलाशी वाट बघत होता. नेरियोने त्याच्या गळ्याशी रुमाल बांधला. फुंकर घालून सूपचे चार चमचे भरवले. मग बाटली उघडून पेल्यात बोटभर वाइन ओतली.

म्हाताऱ्याने बराच वेळ वास घेतला. घोट तोंडात घोळवला.

“आपल्या वरच्या ओळीतल्या द्राक्षांची आहे ही. काय उतरलीय! कुठलं साल?”

“माझं.”

पेला टेबलावर टेकला.

“गारा पडल्या होत्या ना, बाबा?”

“सूप भरव. निवतंय.”

“आधी सांगा.”

म्हाताऱ्याने पेला दूर सारला. “आदल्या साली तोडणी उरकून, मळा इतालोवर सोपवून मी स्वित्झर्लंडला गेलो. सबंध हिवाळा बोगदे खणले. ईस्टरला परतलो, तर तुझ्या आईचं पोट दिसायला लागलं होतं.”

नेरियोने चमचा खाली ठेवला.

“म्हणून द्राक्षं इतालोला दिलीत?”

“नुसती द्राक्षं नाही. तूही होतास त्या गाडीत, महिन्याचा. टोपल्यांच्या मध्ये, दुपट्यात गुंडाळलेला. इतालोला म्हटलं, तुझं आहे ते सगळं उतरवून घे.” म्हाताऱ्याने रुमालाने ओठ पुसले. “त्याने द्राक्षं तेवढी उतरवून घेतली.”