एकाच कॉलेजचे

ऑफिसात आलेला नवा पोरगा आपल्याच कॉलेजचा आहे, हे ऐकून आर्किटेक्टसाहेबांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी नुसता चष्मा पुसला.

परक्या देशात त्यांची उभी हयात गेली होती. आले तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर जिन्यांची आणि संडासांची ड्रॉइंग काढत बसायचे. आता शहरातले दोन मोठे मॉल त्यांच्या हातचे होते आणि नदीकाठची काचेची ऑफिसंही. केबिनच्या भिंतीवर पदवी टांगलेली होती. खांब कुठे नको, गिऱ्हाईक कुठून वळेल, हे ते डोळे मिटून सांगत. त्यांना विचारल्याशिवाय कंपनीचा मालक वीटही हलवत नसे.

आणि आता हा. दिसला की मागे लागायचा, "सर, एकदा निवांत बसू. कॉलेजच्या गप्पा मारू."

एवढी सलगी कशाला? काहीतरी हवंय याला, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"घरी बोलवा की त्याला," बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून तुमच्या कॉलेजच्या गोष्टी ऐकतेय. तिथलं माणूस तरी बघू दे एखादं."

रविवारी तो जेवायला आला. साहेबांनीच विषय काढला.

"आपली ती तळ्याकाठची लायब्ररी. अजून तशीच आहे का रे?"

पोराचा घास हातातच राहिला. त्याने आधी काकूंकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "हो... तशीच आहे."

"आणि मॉडेलं बनवायची ती लांबलचक शेड?"

"आहे, सर." मान ताटात. मग एकदम त्याने भाजीचं कौतुक सुरू केलं. भाजी खारट झाली होती.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "कुठेतरी पाणी मुरतंय हं. कॉलेजचं नाव काढलं की पोराचा चेहरा उतरतो."

"त्याने ते कॉलेज पाहिलेलंसुद्धा नाही," साहेब म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांना हायसं वाटलं.

सोमवारी ते मालकाकडे गेले. "त्या पोराची पदवी एकदा तपासून घ्या. खोटा माणूस आपल्याला परवडणार नाही."

मालकाने त्याच दिवशी पोराला घरी बसवलं. त्याने टेबल आवरलं आणि तो निघाला.

पुढच्या आठवड्यात मालक स्वतः केबिनमध्ये आला. "तुमचा अंदाज साफ चुकला. कॉलेजकडून उत्तर आलंय. पोरगा पहिल्या नंबराने पास झालेला आहे. उद्यापासून येतोय. माफी तुम्हीच मागा."

दुसऱ्या दिवशी साहेब त्याच्या टेबलापाशी गेले. घसा खाकरला.

"चुकलं माझं. पण काय रे, त्या दिवशी घरी एवढा अडखळत का होतास?"

पोराने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सर, तुम्ही विचारलंत त्यातलं काहीच त्या कॉलेजात कधी नव्हतं. पण काकू समोर बसल्या होत्या."