पंधरा शेर

भैयाजीने ताटातली दुसरी भाकर उचलून परत टोपल्यात टाकली, तेव्हा गुणाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"एक खाल्ली न् पुरे?"

"डाक्टरनं सांगतलं ना. पंधरा शेर उतरवा, मंगच ऑपरेशन. चरबी अशीच राह्यली तं भूल सोसनार नाई म्हन्ते."

आठच दिवसांपूर्वी दोघं मोटारीने चांद्याच्या दवाखान्यात जाऊन आली होती. पोटात कळ येते म्हणून भैयाजीनेच जायचं काढलं, गुणाबाई सोबतीला. आलीच आहे तर म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचंही पोट दाबून पाहिलं. फुकटात मिळतंय तर का सोडा! मग डॉक्टर भैयाजीशी बराच वेळ बोलत बसले. बाहेर आल्यावर त्याने सांगितलं, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, होळीनंतर पोट कापायचं. गुणाबाईची माय अशीच एका दवाखान्यात गेली होती, ती परत आली नव्हती.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. नवरा वाचला पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात.

खाणं हे या जोडप्याचं खरं वैभव. दोघं बंडीत मागे बसली तर बैलांसकट जू वर उचलतं, असं आलापल्लीत लोक म्हणत, आणि ते ऐकून भैयाजी सगळ्यांत मोठ्याने हसे. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत त्याने सव्वीस वडे खाल्ले होते. सासरा आत जाऊन पीठ पाहून आला होता. गुणाबाईला तेव्हाच हा माणूस आवडला.

तिचा एक नेम होता. भैयाजी उठला की त्याच्याच ताटात ती जेवायला बसे, आणि त्याने खाल्लं त्याहून एक घास जास्त घेत नसे. नव्या नवरीला सासूने तसं बजावलं होतं. सासू जाऊन वीस वर्षं झाली, नेम राहिला. त्यामुळे तो दहा वडे खाई तेव्हा हीही दहा खाई. आता तो एक भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊ लागला, मग ही तरी काय करणार? तीही एकीवर आली. घरात तेलाचा थेंब दिसेना. तिला स्वतःला जेवणानंतर वाताचा त्रास होता, मूठभर ओवा चघळल्याशिवाय झोप नसे. त्या हिवाळ्यात ओव्याचं गाडगं भरलेलंच राहिलं.

भैयाजी जंगल खात्याच्या डेपोत हिरडा तोलायचा. दर रविवारी तो त्याच काट्याच्या पारड्यात जाऊन बसे आणि त्याचा जोडीदार मुखरू दुसऱ्या पारड्यात वजनं चढवे.

"तू बी बस वं," भैयाजी म्हणे. "मले एकट्याले लाज वाटते."

"मी काऊन? मले कोन कापून राह्यलं?" असं म्हणत ती बसे.

संध्याकाळी दोघं सागाच्या रानातून कोसभर चालून येत. उपाशी माणसाला चघळायला आठवणीच उरतात. लग्नानंतरची चार वर्षं भैयाजी जंगलात सागतोडीवर होता. ती डोक्यावर टोपलं घेऊन जायची, आठ भाकरी आणि लाखोळीची डाळ. दोघं ओढ्यात पाय सोडून जेवायची. डाळीत कधी मीठ नसायचं, कधी दोनदा पडलेलं असायचं, आणि भैयाजी प्रत्येक वेळी बोटं चाटायचा.

"थे दिवस चांगले होते, नाई?" ती म्हणे.

"हाव. अन् अजून यायचे आहेत," तो म्हणे, आणि पाऊल जरा जोरात टाकी. तिला दम लागला की मात्र थांबे.

ते दिवस गुणाबाईला फार हवे होते. निदान हा माणूस तरी हवा होता.

होळीच्या आधीच्या रविवारी मुखरूने वजनं मोजली. भैयाजीचे बारा शेर उतरले होते, तिचे पंधरा.

"झालं!" भैयाजी पारड्याजवळ नाचायचाच बाकी राहिला.

"तुमचे तं बाराच झाले, अजी."

"दोघाइचे मिळून सत्तावीस! डाक्टरले चालते."

होळी झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच चांद्याला जाऊन राहायचं होतं. सिस्टरने कागद आणला. भैयाजीने सही केली, गुणाबाईचाही अंगठा घेतला. बायकोची कबुली लागत असेल, असं समजून तिने तो दाबून उमटवला. रात्री भैयाजीने पाणीसुद्धा घेतलं नाही. मग तिच्या घशाखाली तरी कसं उतरावं?

सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेर वऱ्हांड्यात चाकांची खाट होती. भैयाजी तिच्यावर टेकला. गुणाबाईने त्याचा हात धरला.

"घाबरू नका. तुमी नसले तं मी कोनाच्या ताटात जेवू?"

भैयाजीने तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला. मग म्हणाला, "माह्या जागी तू असती तं आली असती इथी?"

"मी? मेली असती, पर या खाटेवर पाठ नसती टेकवली. तुमचीच छाती!"

दार उघडून सिस्टर आली. गुणाबाईसमोर उभी राहून म्हणाली, "बाई, बांगड्या उतरवा."

गुणाबाईने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. "काऊन वं बाई? थे तं जिते आहेत ना अजून!"

भैयाजी खाटेवरून उठला, तिला जागा करून दिली आणि दोन्ही हातांची ओंजळ तिच्यापुढे धरली.

"भाऊंच्या हातात द्या," सिस्टर म्हणाली. "पेशंटच्या हातात काच ठेवत नाहीत."