बशीपुरता चहा

डायलिसिसआधी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं राहावं लागे. अंगात पाणी किती साठलंय ते काटा सांगे, आणि चोरून कोण काय प्यायलं ते झुंबरराव. स्वतः पेशंट असूनही त्यांचा पहारा दुसऱ्यांच्या घोटांवर.

"ताई, काल आमरस झालेला दिसतोय," ते कौसल्याताईंना हमखास चिडवत.

"मास्कमधूनही वास येतो का हो तुम्हाला?" ताईही सोडत नसत.

मग कोरोनात ताईंचे यजमान गेले. त्यानंतर आज पहिल्यांदाच ताई काट्यावर उभ्या राहिल्या, तर वजन जरासुद्धा वाढलेलं नव्हतं.

"शाब्बास ताई, असंच पथ्य पाळा," सिस्टर म्हणाली.

झुंबररावांना मात्र कौतुक करवेना. शेजारच्या खाटेवरून त्यांनी हळूच विचारलं, "चहासुद्धा सोडलात?"

"मला बशीपुरताच चालायचा. कप त्यांचा, बशी माझी." ताई छताकडे बघत राहिल्या. "आता दारातही कोणी येत नाही. एकटीसाठी कशाला आधण ठेवायचं?"

मशीन सुरू झाल्यावर चहा आला. झुंबररावांनी बशी मागवली, तोंड लावण्याआधीच अर्धा चहा तिच्यात ओतला आणि सिस्टरच्या हाती ताईंकडे पाठवला.

"घ्या. वजन वाढलं तर माझ्या नावावर मांडा."

ताईंनी मोकळ्या हातानं बशी घेतली, मास्क खाली केला.

"तुम्ही आधी घ्या," त्या सवयीनं बोलून गेल्या, आणि हे आपण रोज यजमानांना म्हणायचो ते आठवून त्यांनी बशी ओठांपाशीच थांबवली.

झुंबररावांनी कप तोंडाला लावला.