सापडलेली

वत्सलाबाई हवालदारांनी खुर्ची पुढं केली, तरी महानंदा उभीच राहिली. मांजरसुंब्याच्या धाब्यावर ती भाकरी थापत असतानाच पोलिसांनी तिला गाडीत बसवून आणलं होतं. बोटांवरचं पीठ वाळून तडकलं होतं.

सून बेपत्ता असल्याची खबर तिच्या सासऱ्यानं दिली होती. बसवराज अण्णा म्हणजे सोसायटीचे चेअरमन. त्या साली पाऊस झालाच नव्हता, आणि गावाची सगळी जनावरं अण्णांच्या सोसायटीच्या चारा छावणीत बांधलेली होती. अण्णांची सून म्हटल्यावर ठाण्यानंही शोध मनापासून घेतला. आता अण्णा बाहेर जीपजवळ उभे होते.

वत्सलाबाईंनी दार लोटून घेतलं. तू सज्ञान आहेस, त्या म्हणाल्या, सापडलीस म्हणजे कुणाच्या ताब्यात द्यायची वस्तू नव्हेस. कायद्यानं तुझा जबाब घ्यायचा, आणि तू म्हणशील तिथं तुला जाऊ द्यायचं. कुणी नेलं होतं, की आपल्या पायानं गेलीस?

"आपल्या पायानं," महानंदा म्हणाली.

मग ती बसली आणि सांगू लागली. नवरा मनात येईल तेव्हा कडब्याच्या खोलीत कोंडायचा. ती आतून हाका मारायची, आणि सासरा किल्ली खिशात टाकून सोसायटीत निघून जायचा. एका रात्री ती आत असताना कडबा पेटला. शेजारणीनं कुलूप फोडलं, म्हणून ती वाचली. त्याच पहाटे तिनं घर सोडलं.

वत्सलाबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. हे सगळं तक्रारीत घेऊ, असं त्या म्हणाल्या. बीडच्या महिला आधारगृहात त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला. जागा होती. अंधार पडायच्या आत तिला पोचवता येणार होतं. महानंदानं पाणी मागितलं आणि घटाघटा प्यायली.

तेवढ्यात दार वाजलं. तिचे वडील आत आले. बसप्पा सकाळपासून अण्णांच्याच जीपमध्ये बसून होते, हे तिला आत्ता कळलं. त्यांनी तिच्याकडं न बघता वत्सलाबाईंना हात जोडले. लेकीशी दोन शब्द बोलू द्या, म्हणाले. वत्सलाबाईंनी महानंदाकडं पाहिलं. तिनं मान हलवली.

वडील समोर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कशी हायस, हेही त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुतेक त्यांनाच रडू आलं असतं.

"नंदे, आपली बैलं छावणीत हायती," ते म्हणाले. "अण्णा काय बोलले न्हाईत. नुसतं मला संगं घेऊन आले."

महानंदानं त्या टोपीकडं पाहिलं. गावात कुणाच्या घरी काडीचाही चारा उरला नव्हता. छावणीतून सोडलेलं जनावर कुठं जातं, हे तिला ठाऊक होतं. बैल गेले की वडीलही फार दिवस उभे राहणार नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. वडील उठून बाहेर गेले.

"आधारगृह लिहू ना?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"सासर लिहा. तक्रार नगं."

"पोरी, तुझ्यावर कुणाची जबरदस्ती न्हाई. मी बसलेय इथं."

"तुमी हाय इथं," महानंदा म्हणाली. "छावणीत न्हाई."

वत्सलाबाईंनी मान खाली घालून लिहिलं, वाचून दाखवलं. स्वखुशीने, हा शब्द वाचताना त्यांचा आवाज बारीक झाला. महानंदानं सही केली आणि पेन हातातच धरून ठेवलं.

"बाई, मी पुन्ना गेले तर हरवली म्हणून लिहू नगा. गेली म्हणून लिहा."

"तसं लिहायची सोय न्हाई गं," वत्सलाबाई म्हणाल्या.

महानंदानं पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर आली. अण्णांनी जीपचं मागचं दार उघडलं. आत वडील बसले होते. लेक येताना दिसली तसे ते अंग चोरून सरकले, आणि त्यांनी तिला जागा करून दिली.