आणि हे?

फादर पवित्र तेल घेऊन आत आले, तसं सांतूने बोय माशाचं ताट खाटेखाली सारलं. लग्नापासून बायकोच्या, नातालच्या ताटातल्या माशाचे काटे तोच काढून द्यायचा.

फादरांनी मरणपंथाला लागलेल्या नातालच्या कपाळावर तेलाचा क्रूस काढला. "नातालबाय, आता स्वर्गाकडे लक्ष द्या. तिथं भूक नाही, रडणं नाही."

"आणि हे?" तिने नवऱ्याकडे बोट केलं.

फादर अडखळले. "तिथं कुणी कुणाचा नवरा नसतो, बाय."

नाताल कोपरावर रेलून उठली. "भूक नाही, नवरा नाही, मग नुसती गाणी गात बसू? असला स्वर्ग तुम्हालाच लखलाभ, फादर!" पदराने तिने कपाळ खसाखसा पुसलं. "अहो, ताट काढा बाहेर."

सांतूने फादरांकडे पाठ केली आणि पहिला काटा काढला.