सरांचं पडलेलं गणित

"सर, अणूतला क्वार्क नावाचा कण सुटा असा कुणीच पाहिला नाही, मग तुम्ही थापा मारत नाही कशावरून?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी विचारलं.

शाळेत आलेले शास्त्रज्ञ हसले. आता नक्की गोल गोल बोलणार.

"न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात क्वार्क मोकळे होतात, असं माझं गणित होतं," ते म्हणाले. "त्या गणितात बसणार नाही इतका जड न्यूट्रॉन तारा सापडला आणि गणित पडलं. आता नवं मांडलंय. त्यावरही विश्वास ठेवू नकोस."

एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगतो? काहीतरी गोम असणार.

घरी बाबा मेडिकलच्या क्लासला फोन लावत होते.

"बाबा, थांबा. आई, तूही ऐक. मी डॉक्टर नाही होणार, फिजिक्स शिकणार. त्या सरांचं नवं गणित मला तपासायचंय."